फाशांचा चित्रगुप्त

माणसाच्या चुकांचा हिशेब ठेवायचं काम आपल्याकडे चित्रगुप्ताकडे आहे. अमेरिकेत, निदान बेसबॉलपुरतं, ते दोन-तीन फासे आणि पुठ्ठ्याची कार्डं यांच्यावर सोपवलेलं आहे. खऱ्या मोसमातल्या प्रत्येक खेळाडूची कामगिरी एकेका कार्डावर आकड्यांत उतरवायची, फासे टाकायचे आणि सगळा मोसम जेवणाच्या टेबलावर पुन्हा खेळायचा, असा हा प्रकार. पोराबाळांचे बाप झालेले गृहस्थ हे वर्षानुवर्षं करतात आणि वर निकाल वहीत टिपून ठेवतात! आपल्याकडे सारीपाटापायी राज्य गेलं. तिथे फार तर जेवण थंड होतं.

या खेळांतली दोन घराणी मोठी. पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर गावच्या रिचर्ड साइट्‌झ यांनी १९५१ साली ‘ॲपबा’ काढलं; हॅल रिचमन यांनी १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’. दोन्हीकडे फलंदाजी झोकात. पण खेळाची खरी परीक्षा फलंदाजावर नसते, ती कॅचरवर असते, असं आमचं मत आहे.

कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊ. तोंडाला जाळी, छातीला चिलखत, आणि सगळा सामना उकिडवं बसून काढायचा. त्याच्या हातून चेंडू निसटला की स्कोअररसाहेब न्यायाला बसतात. चेंडू अडवता येण्यासारखा होता? मग ‘पास्ड बॉल’, कॅचरच्या नावावर. पिचरनेच भलतीकडे फेकला? मग ‘वाइल्ड पिच’, पिचरच्या नावावर. आणि बेस चोरणाऱ्याला बाद करायच्या घाईत कॅचरने चेंडू मैदानात भिरकावला, तर ती सरळसरळ ‘एरर’. म्हणजे एकाच माणसाची चूक, पण खाती तीन. क्रिकेटमध्ये वाइड गोलंदाजाच्या नावावर जातो, बाय कुणाच्याच नावावर जात नाही. पण बाय गेल्यावर सगळं स्टेडियम बघतं कुणाकडे ते आपल्याला ठाऊक आहे.

आता ॲपबाचा मूळ खेळ हे कसं निभावतो? एकत्र कुटुंबासारखं. नऊही जणांचे क्षेत्ररक्षणाचे आकडे एकत्र मिळवायचे आणि बेरजेवरून संघाला तीनपैकी एक प्रत लावायची. मग फासे पडले की तक्त्यात त्या प्रतीखाली बघायचं. परिणाम असा, की शॉर्टस्टॉपचा हात भोकाचा असला तर संघाची प्रत उतरते, आणि तक्ता खुशाल चूक तिसऱ्याच माणसाच्या माथी मारतो. थोरल्याने दूध उतू घालवायचं आणि बोलणी धाकट्या जावेने खायची! खेळ झटपट होतो हे खरं, पण न्याय म्हणाल तर तो घाऊक भावाने मिळतो.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकवाल्यांनी वेगळ्या चुली मांडल्या. त्यांच्या सविस्तर खेळात कॅचरच्या कार्डावर किराणा दुकानाच्या यादीएवढे आकडे असतात: पकड कशी ती एक ते पाचमध्ये, हाताची फेक, चुकांचा आकडा, फेकीतल्या चुकांचा वेगळा, आणि पास्ड बॉलचा आणखी वेगळा. वाइल्ड पिचचा आकडा पिचरच्या कार्डावर. हिशेब चोख. इतका चोख, की इन्कमटॅक्सवाल्यांनी शिकवणी लावावी.

पण नेमकी इथेच आमची तक्रार आहे. पास्ड बॉल हा कॅचरचा एकट्याचा गुन्हा असतो का? बॉब यूकरचं उदाहरण घ्या. १९६७ साली तो अटलांटाच्या संघात आला आणि फिल नीक्रोचे ‘नकलबॉल’ झेलायचं काम त्याच्याकडे आलं. नकलबॉल म्हणजे जवळजवळ न फिरता येणारा आणि वाटेत कुठे वळेल ते स्वतः फेकणाऱ्यालाही न सांगता वळणारा चेंडू. त्या मोसमात नीक्रोची धावसरासरी १.८७, सगळ्या नॅशनल लीगमध्ये उत्तम. आणि यूकरचे पास्ड बॉल सत्तावीस, सगळ्या लीगमध्ये सर्वांत जास्त! एकाच चेंडूने एकाला मानपत्र आणि दुसऱ्याला मेमो. कार्डावर हे सत्तावीस चेंडू यूकरच्या जन्माला चिकटतात. त्याला साध्यासुध्या सरळ पिचरसमोर बसवा, फासे तरीही त्याच्या हातून चेंडू सोडवणार. दोष होता जोडीचा. कार्ड मात्र एकाचंच. नवराबायकोच्या भांडणाची नोंद एकट्या नवऱ्याच्या सर्व्हिस बुकात करावी, तसं झालं हे. खेळ करणाऱ्यांनी पिचर-कॅचरच्या जोडीला मिळून एक आकडा द्यायला हवा होता.

मग फासे अन्यायीच म्हणायचे? थांबा. ५ ऑक्टोबर १९४१, ब्रुकलिन. वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना. नववा डाव, दोन बाद, ब्रुकलिन ४-३ ने पुढे. ह्यू केसीच्या चेंडूवर टॉमी हेन्रिकने बॅट फिरवली आणि तो साफ चुकला. तिसरा स्ट्राइक. सामना संपला! पण चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हाताला लागून पळाला, त्यामागून हेन्रिक पहिल्या बेसवर पळाला, आणि यांकीजनी चार धावा काढून सामना ७-४ ने नेला. दुसऱ्या दिवशी सिरीजही नेली. वास्तविक त्या मोसमात ओवेनची क्षेत्ररक्षणाची टक्केवारी ९९.५ होती. पण ओवेन २००५ साली वारला, तेव्हा मृत्युलेखांतही तोच एक चेंडू होता.

त्या मोसमावरून ओवेनचं कार्ड करा. ते उत्तम कॅचरचं कार्ड होईल, कारण कार्डं नेहमीच्या मोसमावरून बनतात, वर्ल्ड सिरीजवरून नव्हे. फाशांना पहिला डाव आणि नववा डाव यांतला फरक कळत नाही. कडक समीक्षक याला खेळाची उणीव म्हणतील, आणि तसं म्हणायला हरकत नाही. पण एक चूक ही एकच चूक असते, चौसष्ट वर्षांची नसते, एवढं तरी त्या सहा बाजूंच्या हाडकांना कळतं. एकदा टाकले, वाचले, उचलले; पुढच्या वेळी ओवेन पुन्हा तोच साडेनव्याण्णव टक्क्यांचा माणूस.

यूकरचं तेवढं बघा म्हणावं.