पहिल्या खेळाचा काटा

‘लोका : चॅप्टर वन – चंद्रा’ हा मल्याळम चित्रपट २८ ऑगस्ट २०२५ रोजी, ओणमच्या आदल्या आठवड्यात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक डॉमिनिक अरुण, निर्माता दुलकर सलमानची वेफेअरर फिल्म्स, नायिका कल्याणी प्रियदर्शन. केरळच्या लोककथांमधली कळ्ळियंकाट्टु नीली ही यक्षी आजच्या बेंगळुरूत येऊन राहते, उन्हाला टाळते, रात्री काम करते आणि गरज पडेल तेव्हा माणसांच्या पलीकडची ताकद वापरते, असे त्याचे कथासूत्र. पहिल्या दिवशीची कमाई माफक होती. त्याच दिवशी मोहनलालचा ‘हृदयपूर्वम्’ही लागला होता आणि सणाचा प्रेक्षक तिकडे जाईल असा अनेकांचा होरा होता. पहिले खेळ पाहून बाहेर पडलेल्यांनी मात्र वारे फिरवले. खेळ वाढवावे लागले, रात्री उशिराचे खेळ लावावे लागले आणि पुढे या चित्रपटाने जगभरात ३०० कोटींचा टप्पा ओलांडला.

हे यश पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांनी घडवले, याबद्दल फारसे दुमत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या प्रेक्षकांनी नेमके काय सांगितले? आणि त्यांच्या सांगण्याला समीक्षेच्या शेजारी बसवायचे झाले तर त्याची जागा कोणती?

पहिल्या खेळानंतरच्या बोलण्याचा एक ठरीव साचा आता सर्व भाषांत तयार झाला आहे. मध्यंतराचा प्रसंग जबरदस्त, पार्श्वसंगीताने थिएटर हादरले, दुसरा भाग थोडा रेंगाळला, अमुक पाहुणा कलाकार आला तेव्हा शिट्ट्या थांबेनात, शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नका. या बोलण्याला एक नीतीही आहे. काय घडले ते सांगायचे नाही, फक्त आपल्याला काय झाले ते सांगायचे. कथा लपवून अनुभव सांगणे ही तशी अवघड कसरत आहे. त्यामुळे बोलणारा आपोआप स्वतःच्या शरीराकडे वळतो. मल्याळी तरुणांनी यासाठी एक गमतीदार शब्द घडवला आहे, ‘रोमांचिफिकेशन’. संस्कृत रोमांच आणि त्याला इंग्रजी शेपूट. तमिळमध्ये ‘पुल्लरिप्पु’ म्हणतात. मराठीत आपण म्हणतो अंगावर काटा आला.

मराठीतला हा काटा मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो भयाने येतो, किळसेने येतो, कौतुकाने येतो आणि एखाद्या जुन्या आठवणीनेही येतो. काटा आला एवढेच म्हटले तर तो कशाचा, हे विचारावे लागते. नाट्यशास्त्राने रोमांचाला आठ सात्त्विक भावांत स्थान दिले, पण तो नटाने प्रकट करायचा भाव म्हणून. आज तो प्रेक्षक प्रकट करतो आणि पुरावा म्हणून मांडतो. माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे चित्रपट चांगला. या दोन वाक्यांच्या मधली जागा समीक्षेची असते आणि पहिल्या खेळाचे बोलणे ती जागा उडी मारून ओलांडते.

म्हणून त्याला तुच्छ लेखावे असे मात्र मला वाटत नाही. आपल्या संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत असे तेव्हा तोही कारणमीमांसा करत नव्हता. पण त्याच्या त्या आरोळीने पद पुन्हा गायले जाई, प्रयोगाची लांबी बदले, पहाट होई. प्रेक्षकाची दाद प्रयोगाचाच भाग होती. चित्रपट पडद्यावर तसाच्या तसा फिरतो, त्याला वन्स मोअर देता येत नाही. ती भूक आता पहिल्या खेळानंतरच्या बोलण्यात भागवली जाते. सुपरहिरोपटाला तर ही दाद विशेष लागते, कारण त्यातल्या शक्तीवर एकट्याने विश्वास ठेवणे कठीण असते. बेसिल जोसेफचा ‘मिन्नल मुरली’ २०२१ च्या डिसेंबरात थेट घरातल्या पडद्यावर आला. चांगला चित्रपट, लोकांना आवडलाही, पण शेकडो माणसांनी एकाच क्षणी श्वास रोखण्याचा अनुभव त्याच्या वाट्याला आला नाही. ‘लोका’ला तो मिळाला.

मी ‘लोका’ बेंगळुरूत सबटायटल्ससह पाहिला. नायिका कोण आहे हे जिथे उघड होते, तिथे प्रेक्षागृहाचे सरळ दोन भाग झाले. एका भागात ‘नीली’ हे नाव ऐकताच गलका झाला, दुसरा भाग खालची ओळ वाचत राहिला. ज्यांनी लहानपणी आजीकडून यक्षीच्या गोष्टी ऐकल्या होत्या, कोट्टारत्तिल शंकुण्णींच्या ‘ऐतिह्यमाले’तला कडमट्टत्तु कत्तनार हा मांत्रिक पाद्री ज्यांच्या ओळखीचा होता, त्यांना त्या एका नावात सगळे मिळाले. उरलेल्यांना एक विशेषनाम मिळाले. दोघांनीही बाहेर आल्यावर ‘काटा आला’ असेच सांगितले असेल, पण ते दोन काटे एक नव्हेत. पहिल्याचा काटा ओळखीचा, दुसऱ्याचा दृश्याचा आणि आवाजाचा. पहिल्या खेळाची भाषा हा फरक दाखवू शकत नाही, कारण तिच्याकडे दोघांसाठी एकच शब्द आहे.

आणि फरक तर मोठा आहे. लोकप्रिय कथेत यक्षी वाटसरूंना भुलवून त्यांचे रक्त पिते आणि कत्तनार तिला मंत्राने, खिळ्याने जखडून टाकतो. पुरुषाने बाईच्या शक्तीला बंदिस्त करण्याची ती गोष्ट आहे. चित्रपटात नीली ही देवळाच्या आवाराबाहेर ठेवलेल्या, राजाच्या माणसांनी उद्ध्वस्त केलेल्या समाजातली मुलगी आहे आणि कत्तनार तिला जखडत नाही, तिच्या शक्तीला वाट दाखवतो. भुताची गोष्ट इथे अन्यायाची गोष्ट होते. सहलेखिका शांती बालचंद्रन आणि डॉमिनिक अरुण यांचे खरे धाडस इथे आहे. ज्याला मूळ कथा ठाऊक आहे त्यालाच ही उलटापालट दिसते. ज्याला ठाऊक नाही त्याला ती कुणीतरी सांगावी लागते, आणि सांगायला पहिल्या संध्याकाळपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या पहिल्या प्रतिक्रियेकडे येतो. चित्रपटात नाचियप्पा गौडा नावाचा पोलीस अधिकारी आहे. तमिळ नृत्यदिग्दर्शक सँडी याने ती भूमिका केली आहे. हा अधिकारी स्त्रीद्वेष्टा आहे आणि आपल्या लग्नाच्या संदर्भात या शहरातल्या मुलींच्या चारित्र्याबद्दल हीन बोलतो. कर्नाटकातल्या प्रेक्षकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. २ सप्टेंबरला, म्हणजे प्रदर्शनाच्या सहाव्या दिवशी, निर्मितीसंस्थेने दिलगिरी व्यक्त केली आणि तो संवाद काढण्याचे किंवा बदलण्याचे जाहीर केले.

म्हणजे ज्याला आपण अजून नीट वाचलेही नव्हते, त्या संहितेचे एक वाक्य आठवडाभरात गेले. ‘वन्स मोअर’ने पद वाढत असे, इथे दादेच्या उलट बाजूने शब्द कमी झाला.

या प्रकरणात मला एक विरोधाभास दिसतो. काटा आलेल्या हजारो माणसांच्या बोलण्यात गौडाचे ते वाक्य कुठेच नव्हते. त्यांनी मारामारी पाहिली, पाहुणे कलाकार पाहिले, नीलीचे डोळे पाहिले. ते वाक्य ऐकले ते दुखावलेल्यांनीच. त्या अर्थाने चित्रपटाचे शब्द लक्षपूर्वक ऐकणारा प्रेक्षक तोच होता. पण त्याने ते वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडातून सोडवून घेतले आणि चित्रपटाच्या तोंडी घातले. गौडा खलनायक आहे. त्याची नजर म्हणजेच नीलीला ज्याच्याशी लढायचे आहे ती गोष्ट. रात्री एकटी फिरणारी बाई म्हणजे वाईट चालीची, ही समजूत यक्षीच्या मूळ कथेतही आहे आणि या पोलिसाच्या डोक्यातही. चित्रपट त्या दोन समजुती समोरासमोर आणतो. ते वाक्य काढले की खलनायक केवळ क्रूर उरतो, आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ कुठे आहे हे पुसट होते. ते वाक्य राहायला हवे होते, असे माझे मत आहे.

पण एवढे बोलून थांबलो तर मी आक्षेप घेणाऱ्यांवर अन्याय करीन. त्यांच्या रागाला एक इतिहास आहे. मल्याळम सिनेमाचे बेंगळुरूवर जुने प्रेम आहे. अंजली मेनन यांचा ‘बँगलोर डेज’ २०१४ चा, जितू माधवन यांचा ‘रोमांचम्’ २०२३ चा आणि ‘आवेशम्’ २०२४ चा. या सगळ्यांत बेंगळुरू हे घरापासून सुटका झालेल्या तरुणांचे शहर आहे. तिथे भाड्याची खोली असते, मित्र असतात, दारू असते, भीती असते. मडिवाळ्याहून रोज संध्याकाळी केरळकडे निघणाऱ्या बसगाड्यांत बसणाऱ्यांसाठी हे चित्र खोटे नाही. पण या शहरात ज्यांचे घरच आहे, ते कन्नड माणूस त्यात कडेला उभे असतात. ‘लोका’मध्येही ठळक लक्षात राहतो तो स्थानिक माणूस म्हणजे गौडा आडनावाचा खलनायकच. तक्रार एका वाक्याची होती, दुखणे मात्र या नकाशाचे होते. वाक्य काढून टाकल्याने दुखणे तसेच राहिले. नकाशावर बोलणे व्हायला हवे होते, ते दिलगिरीने संपवले. इतक्या लवकर आलेली दिलगिरी समजूतदारपणाची वाटते खरी, पण तिने चर्चेचे दार लावून घेतले.

बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला यात मधल्या जागेवरून पाहता येते. आपणही इथे परके आहोत आणि आपणही इथले आहोत. शहाजीराजांच्या जहागिरीपासून ते इथल्या मराठी घरात जन्मून बसकंडक्टर झालेल्या शिवाजीराव गायकवाडपर्यंत, ज्याला पुढे जग रजनीकांत म्हणून ओळखू लागले, आपले नाते जुने आहे. तरीही या शहराचे चित्र रंगवताना आपणही कन्नड माणसाला कडेलाच ठेवतो. मराठी कथा-कादंबरीत येणारे बेंगळुरू बहुधा कंपनीचे आवार, रहदारी आणि हवा एवढ्यातच आटोपते. मल्याळम सिनेमाला नावे ठेवण्याआधी हे बघावे.

आणखी एक गोष्ट आपल्या पदरी आहे. नीली म्हणजे आपली जखीण. कोकणात वेताळ गावाचा राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. रात्री गस्त घालणारा, शक्तिमान, आपल्या माणसांचा रक्षक, याहून वेगळा सुपरहिरो कोणता? इंद्रजाल कॉमिक्सने परदेशी फँटमला आपल्याकडे वेताळ हेच नाव दिले होते. आपण मात्र या ऐवजातून मराठीत असा चित्रपट उभा केलेला नाही. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने २०२४ मध्ये कोकणातले भूत मोठ्या पडद्यावर आणले, पण हिंदीतून. त्या वेळी माझ्या ओळखीच्या मराठी प्रेक्षकांची पहिली दाद ‘आपले कोकण दिसले’ अशी होती. तीही ओळखीचाच काटा होता. मुंज्याची हट्टी, मुलीचा होकार न विचारणारी वासना चित्रपट कशी हाताळतो, हा प्रश्न त्या आनंदात मागे पडला.

पहिल्या प्रतिक्रियांना आवर घालण्याचे उपाय अधूनमधून सुचवले जातात. केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्राने २०२४ मध्ये, प्रदर्शनानंतर ४८ तास परीक्षणे टाळावीत अशी सूचना केली होती. तमिळ निर्मात्यांनी पहिले तीन दिवस परीक्षणांना बंदी मागितली होती. पैसे घेऊन चित्रपट पाडणारे असतात, हे खरे, आणि निर्मात्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण ‘लोका’चे उदाहरण पाहता ४८ तासांच्या मौनाने काय साधले असते? ज्या बोलण्याने चित्रपट तरला तेच थांबले असते. आणि गौडाचे वाक्य दोन दिवस उशिरा ऐकल्याने ते अधिक नीट ऐकले गेले असते, असेही नाही. उणीव वेळेची कमी आणि दुसऱ्या वाचनाची जास्त आहे.

ते दुसरे वाचन करण्याचे काम आपल्यासारख्यांचे आहे आणि बहुभाषिक वाचकांना ते विशेष जमायला हवे. पहिल्या खेळातून आलेल्या मल्याळी मुलाने ‘रोमांचिफिकेशन’ म्हटले तर त्याला विचारावे की नीलीची कोणती गोष्ट तू ऐकली होतीस. दुखावलेल्या कन्नड प्रेक्षकाला विचारावे की हे वाक्य नसते तर या चित्रपटातले शहर तुला तुझे वाटले असते का. ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की ‘लोका’चे खरे स्वरूप दिसू लागते. यक्षीला न्याय देण्याच्या भरात तिने ज्या शहरात आसरा घेतला त्या शहराला न्याय द्यायचे राहून गेलेला, तरीही गेल्या काही वर्षांतल्या भारतीय सुपरहिरोपटांत सर्वांत धीट असलेला चित्रपट. त्याचे पुढचे भाग येणार आहेत. त्यांत गौडा आडनावाचा, खलनायक नसलेला एखादा माणूस नीलीच्या बरोबरीने चालताना दिसला, तर त्या आक्षेपाचे खरे उत्तर मिळाले असे मी समजेन.