चेहरा, नाव आणि नकार : एका स्मारकाचे वाचन

सार्वजनिक स्मारक हीदेखील एक संहिताच असते. तीत कर्तेपद कोणाकडे आहे आणि कोणाला गाळले आहे, हे प्रश्न समीक्षेने तिलाही विचारावयास हवेत. बॉस्टन येथील ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचे शॉ-स्मारक (१८९७) या दृष्टीने लक्षणीय आहे. अमेरिकन यादवी युद्धातील ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचे मे १८६३ मधील प्रस्थान हा या कांस्यशिल्पाचा विषय. मध्यभागी अश्वारूढ गौरवर्णीय कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ, आणि सोबत पायी चालणारे कृष्णवर्णीय सैनिक.

लिंकनसमोर गुडघा टेकलेला दास दाखविणाऱ्या थॉमस बॉल यांच्या वॉशिंग्टनमधील शिल्पाच्या (१८७६) तुलनेत हे पाऊल निःसंशय पुढचे आहे. येथील कृष्णवर्णीय पुरुष उभा आहे, सशस्त्र आहे. प्रत्येकाची मुद्राही निराळी आहे. परंतु या मुद्रा शिल्पकाराने कार्यशाळेत बसविलेल्या अन्य कृष्णवर्णीयांच्या आहेत. धारातीर्थी पडलेल्या गौरवर्णीय अधिकाऱ्यांची नावे आरंभीच कोरली गेली. फोर्ट वॅग्नरवरील हल्ल्यात मरण पावलेल्या शिपायांची नावे १९८० नंतरच्या दशकात, तीही पाठीमागच्या बाजूस आली. म्हणजे पुढे नावावाचून चेहरे, मागे चेहऱ्यावाचून नावे!

याहून मोठे मौन वेतनाविषयीचे आहे. गौरवर्णीय शिपायास दरमहा १३ डॉलर, तर कृष्णवर्णीयास १०, त्यातूनही कपड्यांसाठी ३ वजा. या पलटणीने असे वेतन घेण्यासच नकार दिला. जून १८६४ मध्ये काँग्रेसला कायदा करावा लागला. शिल्पाला हिशेब मांडता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि कोणता क्षण निवडावा, हे ठरविणे हेही अर्थनिर्णयनच होय. प्रस्थानाच्या क्षणी सैनिक आज्ञाधारक असतो. नकाराच्या क्षणी तो नागरिक होतो.

जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, ती निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. त्या अर्पणपत्रिकेतही गौरव मुक्तिदात्याचाच आहे. ग्रंथाचा गाभा मात्र शूद्रातिशूद्रांनी आपले दास्य स्वतः ओळखावे, हा आहे. अर्पणपत्रिका आणि ग्रंथ यांतील हा ताण आपणांस शॉ-स्मारक वाचावयास शिकवितो.

१९९८ साली वॉशिंग्टनमध्ये उभ्या राहिलेल्या स्मारकाने दोन लाखांहून अधिक नावे भिंतींवर कोरून जुन्या स्मारकाची उणीव काही अंशी भरून काढली. पण नाव केवळ उपस्थितीची साक्ष देते. त्या माणसांनी काय नाकारले, ते सांगण्याची जबाबदारी अद्याप वाचकावरच आहे.