‘लासिस’ आणि ‘लाख’ : एका व्युत्पत्तीची मर्यादा

समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या सॅमन माशाला लॅट्व्हियन भाषेत ‘लासिस’ (पहिला स्वर ऱ्हस्व) म्हणतात. लिथुएनियन ‘लाशिशा’ व जर्मन ‘लाक्स’ हे त्याचे सगोत्र शब्द त्याच माशाचे वाचक होत. तथापि ओसेटिक ‘लॅसॅग’ ट्राउट माशाला लागतो, तर तोखारी ब मधील ‘लक्स’चा अर्थ केवळ ‘मासा’ असा आहे.

पाउल टीमे यांनी या शब्दावरून दोन अनुमाने काढली. सॅमन काळ्या किंवा कॅस्पियन समुद्राच्या नद्यांत आढळत नाही. म्हणून इंडो-युरोपीयांचे मूलस्थान बाल्टिककडील नद्यांच्या प्रदेशात असावे, हे पहिले. माशांच्या विपुलतेवरून संस्कृत ‘लक्ष’ ही संख्या व त्यांच्या तांबूस मांसावरून ‘लाक्षा’ हे नाव आले, हे दुसरे. मराठीतील संख्यावाचक ‘लाख’ आणि झाडावरची ‘लाख’ या दोन्ही शब्दांचे मूळ त्यामुळे एका माशापर्यंत जाते.

ध्वनिदृष्ट्या या मताला अडचण नाही. संस्कृत ‘अक्ष’ (आस), लिथुएनियन ‘आशिस’, लॅट्व्हियन ‘आस्स’ ही मालिका पाहता ‘लासिस’ला संस्कृतात ‘लक्ष’ हे रूप अपेक्षितच ठरेल. परंतु ध्वनिनियम केवळ शक्यता दाखवितो. अर्थाचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावा लागतो. ‘लक्ष’ मत्स्यवाचक असल्याचा प्रयोग संस्कृत वाङ्मयात मिळत नाही. ऋग्वेदात (२.१२.४) तो द्यूतातील पणाचा वाचक आहे. अथर्ववेदातील (५.५) ‘लाक्षा’ ही जखम भरून आणणारी औषधी आहे, तेथेही माशाचा मागमूस नाही. साखळीचा मधला दुवाच गृहीत धरलेला आहे.

मूलस्थानाचे अनुमानही असेच डळमळीत आहे. मूळ शब्द समुद्रगामी ट्राउटचा असावा, असे रिचर्ड डीबोल्ड यांनी १९७६ व १९८५ मध्ये प्रतिपादिले; आणि तो मासा काळ्या व कॅस्पियन समुद्रांच्या नद्यांतही सापडतो. लॅट्व्हियनमधील प्रयोगही येथे उद्बोधक आहे. समुद्रगामी ट्राउटला तेथे फिनिक भाषांतून आलेला ‘ताइमिन्श’ हा शब्द आहे, नदीतल्या ट्राउटला जर्मनमधून घेतलेला ‘फोरेले’. ‘लासिस’ची आजची अर्थकक्षा या शेजारी शब्दांच्या संदर्भात पाहावी लागते. आधुनिक प्राणिशास्त्राने निश्चित केलेली जात सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या शब्दावर लादता येत नाही.

म्हणून ‘लासिस’चे सगोत्रत्व निःसंशय मान्य करावे, त्यावरून मूलस्थान ठरवू नये, आणि मराठी ‘लाख’चा शोध माशापाशी नेऊ नये.