होंडुरासमधली घरं आणि प्रश्नावलीतलं ‘हो’

कर्ट व्हर बीक यांचा २००६ चा पेपर मी पद्धतीसाठी वाचायला घेतला. १९९८ च्या मिच वादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट थोड्या दिवसांसाठी होंडुरासला गेले, घरं बांधून परतले. अशा मिशन-सहलीनं जाणारा माणूस बदलतो, हा नेहमीचा दावा. तो तपासायचा कसा?

त्यांनी १२७ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. बऱ्याच जणांचं म्हणणं, आता आम्ही जास्त देणगी देतो. आपल्यापैकी बरेच जण इथंच थांबून निष्कर्ष लिहायला घेतील! व्हर बीक यांनी संस्थेच्या देणग्यांच्या नोंदी काढल्या. तिथं तशी वाढ दिसेना.

मग घर मिळालेली कुटुंबं. घर पाहुण्यांनी बांधलं की स्थानिक संस्थेनं, यानं कुटुंबांवरच्या परिणामात फरक आढळला नाही. खर्चात मात्र प्रचंड फरक: प्रवासासकट गटाचे सुमारे ३० हजार डॉलर, स्थानिक संस्थेचं घर सुमारे २ हजारांत.

माझी तक्रार दोन ठिकाणी आहे. ‘बदल’ मोजलाय तो परतल्यावर, लोकांच्या आठवणीवर. आणि ज्यांनी घर दिलं त्यांच्याबद्दल कुटुंब मोकळेपणानं कितपत बोलणार?

तरी सहल आखणाऱ्यांनी तिकिटं काढायच्या आधी स्थानिक संस्थेला विचारावं, एवढ्या पैशात तुम्ही काय कराल? उत्तर लिहून ठेवावं. संशोधकाला तुलनेसाठी तेच लागतं.