डाळिंबाची साल आणि वेष्टनाची कसोटी

डाळिंबाच्या सालीचा अर्क कायटोसानच्या पातळ पटलात मिसळून केलेल्या खाद्यवेष्टनाविषयी विपुल लेखन झाले आहे. सालीतील प्युनिकॅलॅजिनादी टॅनिने जंतूंची वाढ व स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण रोखतात, हे निर्विवाद. आक्षेप आहे तो कसोटीवर. अगारच्या ओल्या थरावर पटलाची चकती ठेवून भोवतालचे जंतुरहित वलय मोजले जाते. परंतु वलयाची रुंदी अर्काच्या सामर्थ्याइतकीच त्याच्या पाझरण्यावरही अवलंबून असते. शिवाय ओलाव्याने कायटोसान फुगते आणि कोरड्या पटलाचा प्राणवायू अडविण्याचा गुण उणावतो. ओल्या व कोरड्या पटलांचे निष्कर्ष एकाच कोष्टकात मांडणे म्हणूनच अनुचित होय. कोळंबीवरील व मांसावरील प्रयोग त्या मानाने मोलाचे, मात्र तेथेही टॅनिनांच्या तुरटपणाची परीक्षा (खाणाऱ्याला दुसरे काय कळणार?) जिभेनेच व्हावयास हवी.