जॉन्सनची बेटे : इच्छापूर्तीचा प्रवास आणि न कळलेली भाषा

१

प्रवाशाने काय पाहिले, या प्रश्नाने प्रवासवर्णनाची समीक्षा सामान्यतः सुरू होते. तो काय पाहण्याच्या इच्छेने घराबाहेर पडला होता, हा प्रश्न त्या मानाने क्वचित विचारला जातो. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे उत्तर पुरते हाती लागत नाही. मनात दीर्घकाळ जपलेला हेतू सिद्धीस नेण्यासाठी जो प्रवास केला जातो, त्याच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. असा हेतू प्रवाशाची दृष्टी तीक्ष्ण करतो. त्याचबरोबर हेतूच्या कक्षेत न येणाऱ्या गोष्टींविषयी त्याला उदासीनही करतो. सॅम्युएल जॉन्सनचे स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांविषयीचे पुस्तक (१७७५) या दोन्ही परिणामांचे उत्तम उदाहरण होय.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये जॉन्सन एडिंबरोस पोहोचला आणि जेम्स बॉस्वेलसह उत्तरेच्या वाटेने निघाला. २ सप्टेंबरला दोघे स्काय बेटावर उतरले. तेथून रासे, पुन्हा स्काय, मग मलकडे जात असता वादळाने ज्या बेटावर नेऊन टाकले ते कॉल, त्यानंतर मल, अल्व्हा, इंचकेनेथ आणि आयोना, असा क्रम करीत २२ ऑक्टोबरला ते ओबान येथे मुख्य भूमीवर परतले. म्हणजे सुमारे सात आठवडे ते बेटांवर होते. १८ सप्टेंबरला, स्कायमधील डनव्हेगनच्या गढीत मुक्काम असताना, जॉन्सनने वयाची चौसष्ट वर्षे पुरी केली. अवजड शरीर, अधू दृष्टी आणि लंडनच्या बैठकींची सवय असलेल्या या गृहस्थाने शरद ऋतूतल्या समुद्रात उघड्या होड्यांतून हिंडावे, यामागे प्रबळ इच्छा असली पाहिजे हे उघड आहे.

त्या इच्छेचा उगम मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी सांगितलेला आढळतो. ही बेटे पाहण्याची इच्छा इतकी जुनी आहे की ती प्रथम कशी उत्पन्न झाली हे नीटसे आठवत नाही, असे जॉन्सन आपल्या पुस्तकाच्या आरंभीच सांगतो. बॉस्वेलच्या नोंदीप्रमाणे, जॉन्सन लहान असताना त्याच्या वडिलांनी मार्टिन मार्टिनचे पश्चिम बेटांचे वर्णन त्याच्या हाती दिले होते. हे पुस्तक १७०३ साली प्रसिद्ध झाले होते, आणि जॉन्सनचे वडील पुस्तकविक्रेते होते. इच्छेचे मूळ पुस्तकात होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

२

जॉन्सनच्या मनातील हेतू एकेरी नव्हता. त्याचे तीन पदर दिसतात. पहिला, बालपणी वाचलेले प्रत्यक्ष पाहावे. दुसरा, कुळाचे नायक आणि त्यांचे अनुयायी यांच्या परस्परनिष्ठेवर उभी असलेली प्राचीन समाजरचना ती नष्ट होण्यापूर्वी अभ्यासावी. तिसरा हेतू वादाचा होता. जेम्स मॅक्फर्सनने १७६० पासून काही वर्षांतच ‘ऑसियन’ या पुरातन कवीची म्हणून जी महाकाव्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली होती, ती खरोखर जुन्या गेलिक काव्याची भाषांतरे आहेत काय, याचा जागच्या जागी छडा लावावा.

यांपैकी दुसरा हेतू असफल झाला आणि त्या असफलतेतूनच पुस्तकाचा सर्वोत्तम भाग निर्माण झाला. १७४६ मध्ये कलोडनच्या रणांगणावर हायलंडर सैन्याचा पराभव झाल्यानंतर शस्त्रे बाळगण्यास व पारंपरिक वेष करण्यास बंदी झाली. कुळनायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेण्यात आले. पितृतुल्य नायकाचा खंड घेणारा जमीनदार झाला आणि खंड वाढताच माणसे अमेरिकेच्या जहाजात बसू लागली. जे पाहावयास आलो ते उरलेले नाही, येण्यास उशीर झाला, हे जॉन्सन स्पष्टपणे मान्य करतो. सामान्य प्रवासी अशा वेळी निराशा लपवतो किंवा जे नाही ते कल्पनेने उभे करतो. जॉन्सनने यांपैकी काहीच केले नाही. त्याने हेतू बाजूस ठेवला आणि समोर घडत असलेल्या ऱ्हासाची कारणे शोधली. माणसे हाकलून देऊन बंडे टाळणे हे शहाणे राजकारण नव्हे, या आशयाचा त्याचा अभिप्राय आजही विचारार्ह वाटतो.

माहिती गोळा करण्याच्या पद्धतीविषयीही तो जागरूक आहे. स्थळे मोजावीत, नोंद तत्काळ करावी, काही तासांच्या अवधीनेही स्मरण दगा देते, असा त्याचा आग्रह आहे. स्कायमध्ये त्यास सांगण्यात आले की पायातील ‘ब्रोग’ प्रत्येक जण घरीच तयार करतो आणि एका जोडास तासाभराचे काम पुरते. दुसऱ्याच दिवशी कळले की ब्रोग करणे हा स्वतंत्र धंदा असून एका जोडाला अर्धा क्राउन पडतो. जॉन्सनने दोन्ही उत्तरे नोंदली आणि तेथील संभाषणातील सैलपणामुळे चौकशी करणारा सतत कसा संभ्रमात राहतो, हे दाखविले. बोलींच्या सर्वेक्षणासाठी गावोगाव फिरलेल्या कोणाही अभ्यासकास हा अनुभव परका वाटणार नाही. मात्र एक प्रश्न जॉन्सन विचारीत नाही : ही उत्तरे कोणत्या भाषेत दिली गेली, आणि देणाऱ्यास ती भाषा कितपत येत होती?

३

येथे विवेचनाच्या मुख्य मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. गेलिक भाषा, जिचा उल्लेख तत्कालीन प्रथेनुसार जॉन्सन ‘अर्स’ असा करतो, त्याला येत नव्हती. तो हे लपवीत नाही. परंतु अज्ञानाची कबुली दिल्यावर जो संयम अपेक्षित असतो तो पाळला जात नाही. थोडेच विचार असलेल्या रानटी लोकांची ही ओबडधोबड बोली आहे. ती कधीही लेखनाची भाषा नव्हती. शंभर वर्षांपूर्वीचे एकही हस्तलिखित तीत नाही. इतक्या जुन्या असल्याचा पुरावा देता येईल अशा पाचशे ओळीही मिळणार नाहीत, अशी विधाने तो निःशंकपणे करतो.

ही विधाने चुकीची होती. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिस्मोरच्या डीनने आपल्या भावाच्या साहाय्याने सिद्ध केलेला मोठा हस्तलिखित काव्यसंग्रह उपलब्ध आहे, आणि त्यात ऑसियनच्या नावावरील वीरगीतेही आहेत. गेलिकमधील पहिले मुद्रित पुस्तक, जॉन कार्सवेलने भाषांतरित केलेली उपासनापद्धती, १५६७ साली एडिंबरोत छापले गेले. जॉन्सनच्या हयातीतच, १७५१ मध्ये अलेक्झांडर मॅक्डॉनल्डच्या आणि १७६८ मध्ये डंकन बॅन मॅकिंटायरच्या कवितांचे संग्रह प्रसिद्ध झाले होते. नव्या कराराचे गेलिक भाषांतर १७६७ चे आहे. जॉन्सनच्या पुस्तकास १७७९ मध्ये प्रदीर्घ उत्तर लिहिणारा डोनल्ड मॅक्निकल हा लिस्मोरचाच धर्मोपदेशक होता.

हा सारा प्रकार जॉन्सनच्या स्कॉटद्वेषावर ढकलण्याची प्रथा आहे. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. याच पुस्तकात, पराभवानंतर या लोकांजवळ भाषा आणि दारिद्र्य एवढेच उरले असून त्या भाषेवरही सर्व बाजूंनी आघात होत आहेत, अशी खंत तो व्यक्त करतो. केवळ इंग्रजी शिकविणाऱ्या शाळांवर आणि मातृभाषेतील धर्मग्रंथ नाकारू पाहणाऱ्यांवर तो टीका करतो. १७६६ साली त्याने विल्यम ड्रमंड या एडिंबरोच्या पुस्तकविक्रेत्यास लिहिलेल्या पत्रात गेलिक बायबलचा कळकळीने पुरस्कार केला होता. भाषा लुप्त झाली की त्या लोकांच्या कुळाची ओळखच पुसली जाते, अशा अर्थाचा त्याचा उद्‌गार बॉस्वेलने याच प्रवासात टिपला आहे. एकाच मनुष्याने एका भाषेचा कैवार घ्यावा आणि तिला ओबडधोबडही म्हणावे, या विसंगतीचे कारण द्वेषाहून खोल असले पाहिजे.

ते कारण कोशकाराच्या संस्कारात आहे. १७५५ च्या त्याच्या इंग्रजी कोशात शब्दाच्या अर्थाला आधार असतो तो मान्यवर ग्रंथकारांच्या लेखनातील अवतरणांचा. जे लिहिले गेले ते प्रमाण. जे केवळ बोलले गेले ते वाऱ्यावर विरून जाणारे. अक्षरांचा फारसा वापर नसलेल्या समाजात एकदा दृष्टीआड झालेले कायमचे नाहीसे होते, हे मत त्याच्या दृष्टीने स्वयंसिद्ध आहे. म्हणूनच मौखिक परंपरेने शेकडो वर्षे काव्य जतन केले असेल ही शक्यता तो विचारातच घेत नाही. मॅक्फर्सनविरुद्धचा त्याचा निर्णय बव्हंशी बरोबर होता. त्या महाकाव्यांची मूळ प्राचीन हस्तलिखिते कधीही दाखविली गेली नाहीत. परंतु १९५२ मध्ये डेरिक थॉमसन याने केलेल्या संशोधनाने हेही सिद्ध झाले की मॅक्फर्सनने अनेक अस्सल गेलिक वीरगीतांची सामग्री वापरली होती. बनावट महाकाव्यामागे खरी गीते होती. ‘हस्तलिखित दाखवा’ ही एकच मागणी घेऊन आलेल्या प्रवाशास ती दिसणे शक्य नव्हते.

४

दिसणे शक्य नव्हते; ऐकू मात्र आली होती. जॉन्सनच्या पुस्तकाचा खरा विरोधाभास येथे आहे. विळ्यांच्या फटकाऱ्यांना लय देणारे कापणीचे सामूहिक गीत तो ऐकतो आणि त्याचे नेमके वर्णन करतो. समान कालावधीत करता येण्यासारख्या प्रत्येक कामाला येथे स्वतंत्र गाणे आहे, असे सांगून, त्या गाण्यांना फारसा अर्थ नसतो असे लोक म्हणतात, हेही जोडतो. वल्हेकऱ्यांच्या गाण्यावरून त्याला प्राचीन नौकांवरील वल्हेकऱ्यांच्या गीतांची आठवण होते. कान ऐकतो गेलिक, मन धावते ग्रीकांकडे.

रासे येथील रात्रीच्या मैफलीचे वर्णन अधिक बोलके आहे. जेवणानंतर स्त्रियांनी गेलिक गाणी म्हटली. इंग्रज श्रोते इटालियन संगीतिका ऐकतात त्याप्रमाणे, न समजणाऱ्या शब्दांच्या नादाने सुखावत आपण ती ऐकली, असे जॉन्सन सांगतो. पुढे विषय विचारल्यावर कळले की एक प्रेमगीत होते आणि दुसरे अमेरिकेस निघालेल्या बेटवासीयाचे निरोपाचे गीत होते. स्थलांतर हा ज्याच्या पुस्तकातील सर्वांत गंभीर विषय, त्याच्या समोर तो विषय त्या लोकांच्याच शब्दांत गायला जात होता. जॉन्सनने त्या गीताला दिले ते एक वाक्य. गीतातील मजकूर पुस्तकात नाही.

बॉस्वेललाही गेलिक येत नव्हते, आणि त्याचा हेतू तर अधिकच वैयक्तिक होता : जॉन्सनला अपरिचित परिसरात नेऊन त्याचे निरीक्षण करणे. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रोजनिशीत बेटांपेक्षा जॉन्सनच अधिक आहे. तरीही भाषेवाचून कळणारे तो अधिक टिपतो. आर्माडेल येथे ‘अमेरिका’ नावाचे एक नृत्य त्याने पाहिले. त्यात एकामागून एक जोडपी गिरकीत ओढली जातात आणि अखेर सर्वच फिरू लागतात. स्थलांतराची लाट कशी पसरते हेच ते नृत्य दाखविते, असे त्याने लिहिले. आदल्या वर्षी पोर्ट्रीहून जहाज सुटले तेव्हा किनाऱ्यावरील माणसे शोकाने वेडीपिशी झाली होती, यंदा कोणाच्या डोळ्यांत पाणीही आले नाही, हे एका स्त्रीने सांगितलेले त्याच ठिकाणी येते. अवघ्या एका वर्षात समाजमन कोठून कोठे गेले, याची याहून मर्मभेदक नोंद जॉन्सनच्या पुस्तकात सापडत नाही.

आयोनाच्या भेटीतही हेच दिसते. ५६३ मध्ये कोलंबा ज्या बेटावर आला आणि जेथून उत्तरेकडे धर्म व विद्या पसरली, त्या भूमीवर उभे राहून जॉन्सनने लिहिलेला उतारा इंग्रजी गद्याचा मानबिंदू समजला जातो. बालपणीची इच्छा येथे पूर्ण झाली. पण त्याच प्रकरणात तो नोंदवितो की बेटावर शाळा नाही, उपासनामंदिर नाही, इंग्रजी बोलणारे केवळ दोघे असून लिहिता-वाचता येणारा एकही नाही. विद्येच्या ऱ्हासाचे हे मोजमाप करुणेने केलेले आहे यात शंका नाही. परंतु बाकीचे सारे जी भाषा बोलतात तीत कोलंबाविषयी काय सांगितले जाते, हा प्रश्न त्या मोजमापात बसत नाही. इतिहास अवशेषांत शोधला गेला. माणसांना तो विचारला गेला नाही.

५

मार्टिनवर जॉन्सनने एक आक्षेप घेतला आहे. मार्टिन स्वतः स्कायचा रहिवासी. कुळनायकांची सत्ता अजून शाबूत होती त्या काळात तो जगला. तरी त्या समाजरचनेचे वर्णन त्याने केले नाही. जे रोजच्या परिचयाचे ते नोंदण्यासारखे त्याला वाटले नाही. आक्षेप रास्त आहे, पण तो उलटा फिरवला असता जॉन्सनलाही लागू पडतो. स्थानिकाला जे माहीत असते ते त्याला दिसत नाही. परक्याला जे दिसते ते त्याला कळत नाही. पहिल्याची मर्यादा सवयीची, दुसऱ्याची भाषेची. जॉन्सनने पहिली अचूक ओळखली. दुसरी त्याने मान्य केली आणि लगेच विसरला.

या दोन मर्यादा एकाच व्यक्तीत ओलांडल्या जाण्यास पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. १९५१ मध्ये एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची संस्था स्थापन झाली आणि गेलिक गीते व कथा ध्वनिमुद्रित करण्याच्या कामी तिने प्रथम ज्याची योजना केली तो कॅलम मॅक्लीन रासे बेटावरच १९१५ साली जन्मलेला होता. ज्या बेटावर जॉन्सनने गाणी केवळ नाद म्हणून ऐकली, तेथील एका सुपुत्राने संशोधकाच्या शिस्तीने आणि मातृभाषेच्या ज्ञानाने गेलिक परंपरा संकलित केली. जॉन्सनच्या सिद्धान्तानुसार ज्या गोष्टी केव्हाच नाहीशा व्हावयास हव्या होत्या, त्यांतील पुष्कळ तोवर लोकांच्या मुखी जिवंत होत्या.

यावरून जॉन्सनचे पुस्तक त्याज्य ठरत नाही. स्वतःचा हेतू फसल्याचे सांगण्याचा त्याचा प्रांजळपणा, परस्परविरोधी उत्तरे दोन्ही नोंदण्याची त्याची निष्ठा, आणि उजाड होत चाललेल्या बेटांविषयीची त्याची न्यायबुद्धी हे गुण दुर्मीळ आहेत. किंबहुना त्याच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा त्याच्याच पानांतून मिळतो, हे त्या निष्ठेचेच फळ होय. दोष आहे तो एकाच जागी. मनाशी ठरविलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की चौकशी पूर्ण झाली, असे त्याने मानले. आणि ते उत्तर ज्या भाषेत शोधावयास हवे होते ती शिकण्याचा विचार, गेलिक बायबलचा कैवार घेणाऱ्या या थोर कोशकारास, सात आठवड्यांत शिवला नाही. प्रश्नावली घेऊन परक्या बोलीच्या प्रदेशात उतरणाऱ्या अभ्यासकाने हे पुस्तक वाचावे ते याचसाठी. जॉन्सनची निरीक्षणे त्यास उपयोगी पडतीलच. पण त्याहून अधिक उपयोगी पडेल ते रासेचे पान, जेथे उत्तर समोर गायले जात आहे आणि विचारणारा त्याच्या नादावर संतुष्ट आहे.