दूरस्थ पुनर्वसनाच्या वापरसुलभतेचे मापन : प्रश्नावलीच्या भाषेचा विचार

अर्धांगवायू, कंपवात आणि मज्जासंस्थेचे तत्सम विकार यांनी ग्रासलेल्या रुग्णाचे पुनर्वसन रुग्णालयात सुरू होत असले, तरी ते पुरे व्हावयाचे असते घरी. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. परंतु चाकणकडे राहणाऱ्या कुटुंबाला सुमारे २० किलोमीटरांची वाट तुडवून आठवड्यातून दोनतीनदा रुग्णास पिंपरीत आणणे सोपे नाही. घरातील कर्ता मुलगा पाळीवर असतो आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. अशा स्थितीत मोबाइलच्या पडद्यावरून व्यायाम शिकविणारे दूरस्थ पुनर्वसन ही चैन नसून गरज ठरते. दि. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेने अर्धांगवायूच्या रुग्णांवरील २२ चाचण्या तपासल्या. दूरस्थ उपचार समक्ष उपचारापेक्षा उणे ठरल्याचे त्या समीक्षेस आढळले नाही. मात्र उपलब्ध पुराव्याचे बळ बेताचेच असल्याचेही तिने नमूद केले.

उपचार गुणकारी असणे निराळे आणि तो रुग्णाला वापरता येणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीस वापरसुलभता म्हणतात. ती मोजण्यासाठी सर्वाधिक प्रचलित असलेली प्रश्नावली जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केली. तीत दहा विधाने असून प्रत्येकापुढे संपूर्ण असहमतीपासून संपूर्ण सहमतीपर्यंत पाच पायऱ्या असतात. विषम क्रमांकाची विधाने व्यवस्थेची स्तुती करणारी, तर सम क्रमांकाची तिचे दोष सांगणारी आहेत. विषम विधानाच्या उत्तरातून १ वजा करावयाचा, सम विधानाचे उत्तर ५ मधून वजा करावयाचे आणि बेरजेस २.५ ने गुणावयाचे, म्हणजे ० ते १०० यांमधील गुणांक मिळतो. ६८ हा सर्वसाधारण गुणांक मानला जातो.

ही प्रश्नावली संगणकाच्या कार्यालयीन वापरासाठी घडविली गेली, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. निरोगी आणि वाचावयाची सवय असलेला माणूस तिने गृहीत धरला आहे. ती जशीच्या तशी मज्जाविकाराच्या रुग्णापुढे ठेवली असता काय होईल, हे गणितानेच पाहता येते. आदरापोटी दहाही विधानांना ‘हो, हो’ म्हणणाऱ्या रुग्णाला ५० गुण पडतात. कंटाळून सर्वत्र मधली खूण करणाऱ्याला ५० पडतात आणि रागाने सर्व विधाने नाकारणाऱ्यालाही ५०च पडतात. अदब, उदासीनता आणि संताप या तिन्ही वृत्तींचे माप एकच यावे, ही मापनाची उणीव नव्हे काय? आता समाधानी रुग्ण घेऊ. त्याने स्तुतीच्या विधानांना ४ आणि दोषांच्या विधानांना २ दिले, तर गुणांक ७५ येतो. मात्र दोषांच्या दोन विधानांचा रोख न कळल्याने त्याने तेथेही ४ दिले, तर तो ६५ वर उतरतो. केवळ दोन वाक्यांच्या गैरसमजाने चांगली व्यवस्था सर्वसाधारणाहूनही खाली जाते.

असा गैरसमज रुग्णाच्या हलगर्जीपणाने होतो असे नाही. अर्धांगवायूच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना वाचाघात होतो. १८६१ साली ब्रोका यांनी ज्याचा उलगडा केला त्या प्रकारात बोलणे तुटक होते आणि गुंतागुंतीच्या वाक्याचा अर्थ लावणेही जड जाते. ‘ही व्यवस्था विनाकारण किचकट आहे, या विधानाशी मी असहमत आहे’ हे उत्तर देण्यासाठी प्रथम दोष समजावा लागतो व मग तो नाकारावा लागतो. शिवाय मराठीत क्रियापद व नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. तोवर आधीचा भाग स्मरणात धरणे रुग्णास भाग पडते. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रुग्णांचे डावीकडे लक्षच जात नाही. आडव्या ओळीत डावीकडे मांडलेली ‘असहमती’ त्यांच्या दृष्टीस न पडल्यास गुणांक निष्कारण एका बाजूस झुकतो.

भाषांतराचा प्रश्न याहून खोल आहे. मूळ प्रश्नावलीतील एक इंग्रजी विशेषण परभाषकांना अडते, हे फिन्स्टाड यांनी २००६ साली दाखविले. मराठीत ‘सहमत’, ‘प्रणाली’ हे शब्द लिखित व्यवहारातले आहेत. बोलताना माणूस ‘पटते’, ‘जमते’, ‘जड जाते’ असे म्हणतो. खानदेशातून वा मराठवाड्यातून येऊन पिंपरी-चिंचवडमध्ये स्थिरावलेल्या वृद्धाला प्रमाण मराठीतील संस्कृतप्रचुर विधान आणखी दूरचे वाटावे, यात नवल नाही. त्यातही ‘मला जमते’ ही रचना विचार करावयास लावणारी आहे. येथे ‘मी’ कर्ता नसतो. जमण्याचे श्रेय एकट्या माणसाकडेही जात नाही आणि एकट्या यंत्राकडेही नाही. वापरसुलभतेची कल्पना मराठीने या क्रियापदात आधीच साठवली आहे. शिवाय घरोघरी खरे उत्तर ‘आम्हांला जमले’ असे असते, कारण मोबाइल धरणारी सून असते आणि हात उचलणारा सासरा. प्रश्नावलीतील एकवचनी ‘मी’ कोण, हे ठरविल्यावाचून गुणांकाला अर्थ नाही.

मग करावे काय? सर्व विधाने होकारार्थी केली तरी गुणांकात लक्षणीय फरक पडत नाही, असे साउरो व लुइस यांनी २०११ मध्ये दाखविले आहे. पाहणी निरोगी वापरकर्त्यांची असली, तरी रुग्णांच्या बाबतीत उलटी विधाने टाळण्यास तिचा आधार घेता येतो. विधाने आखूड व बोली भाषेत असावीत, ती वाचून दाखवावीत आणि पायऱ्या उभ्या मांडाव्यात. भाषांतर पुन्हा मुळात उलटवून पाहणे पुरेसे नाही. ‘यातून तुम्हांला काय कळले?’ असे रुग्णासच विचारले पाहिजे. सहायकाचे मत निराळे नोंदवावे. आंतरराष्ट्रीय मानक ९२४१ चा अकरावा भाग वापरसुलभतेत परिणामकारकता, कार्यक्षमता व समाधान ही तिन्ही अंगे मोजावयास सांगतो. तेव्हा जोडणी स्वतः झाली का, किती वेळ लागला आणि कितीदा मदत घ्यावी लागली, हे प्रत्यक्ष पाहून लिहावे. ज्याला बोलता येत नाही त्याचे उत्तर अशा नोंदीतूनच मिळेल.

एखादी सेवा चालू ठेवावी की बंद करावी, हे अशा गुणांकावर ठरू शकते. ज्यांना प्रश्न कळला नाही, त्यांना बहुधा अभ्यासातून वगळले जाते. आणि दूरस्थ पुनर्वसनाची सर्वाधिक निकड त्यांनाच असण्याचा संभव आहे. त्यांना वगळून काढलेला ७५ हा आकडा व्यवस्थेच्या सुलभतेपेक्षा निवडलेल्या रुग्णांच्या वाचनक्षमतेचे माप अधिक ठरतो. यंत्राची परीक्षा घेण्यापूर्वी प्रश्नाची परीक्षा घेतली जावी, एवढीच या विवेचनाची मागणी आहे.